एम+एस मधला ‘एम’: मड-टेरेन टायरच्या नावामागची पार्श्वभूमी

‘मड-टेरेन’, म्हणजे चिखलासाठीचा टायर, या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. ‘ऑल-टेरेन’, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनींसाठीचा, यालाही नाही. ही दोन्ही नावं टायर बनवणाऱ्यांनी विक्रीसाठी ठरवलेली आहेत. एका उत्पादकाचा मड-टेरेन आणि दुसऱ्याचा जरा आक्रमक ऑल-टेरेन शेजारी ठेवले, तर कुठला कोणता हे नक्षीवरून ओळखणं कधीकधी अवघड जातं. त्यातच टायरच्या बाजूवर आणखी एक खूण कोरलेली असते, एम+एस. यातला एम म्हणजे मड, अर्थात चिखलच, आणि एस म्हणजे स्नो, बर्फ. म्हणून पुष्कळ जण ही खूण पाहून टायर चिखलासाठी तपासलेला आहे असं धरून चालतात. तसं नाही. हा गोंधळ कसा झाला ते समजलं, तर टायर निवडताना काय पाहायचं आणि काय सोडून द्यायचं हे बरंच स्पष्ट होतं.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९३० च्या दशकात ट्रॅक्टरची लोखंडी चाकं जाऊन हवेची रबरी चाकं आली आणि त्यांच्यासोबत तिरप्या पट्ट्यांची नक्षी आली. हे तिरपे पट्टे मधोमध जोडलेले असावेत की मध्यभाग मोकळा असावा, यावर तेव्हा मोठा वाद झाला. जोडलेल्या पट्ट्यांचा टायर कडक रस्त्यावर सरळ आणि शांत चालतो. मध्यभाग मोकळा असला की चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. आज ऑल-टेरेन आणि मड-टेरेन यांच्यात जी निवड करावी लागते, ती मुळात हीच आहे. त्याच सुमारास, १९३४ मध्ये, फिनलंडमध्ये ट्रकसाठी आडव्या खोल खाचांचा हिवाळी टायर निघाला. चिखलाचा टायर आणि बर्फाचा टायर तेव्हा दिसायला भावंडंच होते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवर ६.००-१६ मापाचे अरुंद टायर होते. त्यांच्या नक्षीला दिशा नव्हती. दोन्ही खांद्यांवर, म्हणजे तळाच्या दोन्ही कडांना, आडवे ठोकळे, त्यामुळे गाडी पुढे जाओ की मागे, पकड सारखीच. लष्करी गाडी अडकली की तिला मागेही तितक्याच जोरानं निघता यावं, आणि टायर कोणत्याही चाकावर कसाही बसवता यावा, हा त्यामागचा विचार. युद्धानंतर हजारो जीप नागरिकांच्या हाती आल्या आणि त्यांच्याबरोबर हे टायरही आले. आज ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात त्याची पहिली पिढी याच टायरांवर शिकली.

मग रेडियल बांधणी आली. जुन्या बायस बांधणीत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे जात टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरलेले असायचे, त्यामुळे बाजू वाकली की तळही वेडावाकडा व्हायचा. रेडियलमध्ये तळाला स्वतंत्र पट्टे असतात. बाजू फुगली तरी तळ जमिनीवर सपाट राहतो आणि हवा कमी केली की जमिनीला टेकणारा भाग लांबीत वाढतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हलक्या ट्रकांसाठी आणि फोर बाय फोरसाठी रेडियल ऑल-टेरेन बाजारात आले, १९८० च्या सुमारास रेडियल मड-टेरेन. मोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा, खांद्यावरून खाली बाजूपर्यंत उतरणारे दात, आणि बाजूला जादा थर. हा आराखडा तेव्हा जो बसला तो आजही ओळखू येतो. बायस बांधणी मात्र संपली नाही. अतिशय खोल दलदलीसाठीचे काही टायर अजूनही बायसच येतात, कारण त्यांची बाजू जाड आणि चिवट असते. रस्त्यावर ते दणकतात आणि रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी थोडा वेळ चपटे झालेले जाणवतात.

आता एम+एस बद्दल, जरा सविस्तर.

ही खूण ज्या काळात रुजली, त्या काळात चिखल आणि बर्फ या दोहोंवर उपाय एकच होता, तो म्हणजे मोठे दात आणि खोल खाचा. त्यामुळे दोन्ही एका खुणेत बसवण्यात तेव्हा काही चुकीचं नव्हतं. अमेरिकी उद्योगानं या खुणेसाठी जी व्याख्या स्वीकारली ती निव्वळ भूमितीची होती. जमिनीला टेकणाऱ्या भागापैकी किमान २५ टक्के जागा रिकामी हवी. निदान एका कडेला खाचा हव्यात, त्या कडेपासून किमान अर्धा इंच आत गेलेल्या हव्यात आणि चालण्याच्या दिशेशी त्यांचा कोन ३५ ते ९० अंशांचा हवा. बस. टायर चिखलात घालून पाहायचा नाही, बर्फावरही नाही. मोजपट्टी आणि कोनमापक हाती असलं की खूण देता येते. युरोपात तर १९९२ च्या निर्देशातली व्याख्या आणखी सैल होती. ज्यांची नक्षी आणि बांधणी ‘प्रामुख्यानं चिखल आणि ताज्या किंवा वितळत्या बर्फात’ सर्वसाधारण टायरपेक्षा चांगली कामगिरी करण्यासाठी केलेली आहे, ते एम+एस. किती चांगली, आणि सर्वसाधारण टायर म्हणजे नेमका कोणता, हे त्यात कुठंच नव्हतं.

दरम्यान बर्फाच्या टायरचं शास्त्र दुसऱ्या दिशेला निघून गेलं. थंडीत मऊ राहणारं रबर, १९९० च्या दशकापासून तळाच्या रबरात वाढलेला सिलिकाचा वापर, आणि ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा. बर्फावरची पकड आता रसायनातून आणि असंख्य छोट्या कडांतून येऊ लागली. मड-टेरेनला हे परवडत नाही. त्याचे ठोकळे मोठे आणि कडक लागतात, रबर दगडांवर फाटणार नाही असं लागतं, आणि फार चिरा पाडल्या तर ठोकळ्यांचे तुकडे उडतात. म्हणजे एमचा आणि एसचा रस्ता वेगळा झाला, खूण मात्र जोडलेलीच राहिली.

यातून सर्वात मोठा पेच जर्मनीत उभा राहिला. तिथं २००६ पासून नियम असा होता की हवामानाला साजेसे टायर हवेत. २०१० च्या जुलैमध्ये एका वरिष्ठ न्यायालयानं म्हटलं की ‘साजेसे’ म्हणजे नेमकं काय हे नियमातून कळत नाही, म्हणून त्यावरून दंड करता येणार नाही. त्या वर्षीचा हिवाळा दारात होता. डिसेंबरमध्ये घाईनं दुरुस्ती झाली आणि घसरड्या हिवाळी रस्त्यांवर एम+एस टायर सक्तीचे झाले. व्याख्या घेतली ती १९९२ च्या निर्देशातलीच. परिणाम असा, की कडक रबराचा, चिरा नसलेला, बर्फाळ रस्त्यावर घसरणारा मड-टेरेन टायर केवळ बाजूवर ती खूण आहे म्हणून कायद्यानं हिवाळी टायर ठरला. न्यायालयानं संदिग्धतेवर बोट ठेवलं आणि उत्तर म्हणून त्याहून जुनी संदिग्धता नियमात बसवली गेली. माझ्या मते ती चूक होती. घाईचं कारण समजू शकतं, पण मोजून पाहिलेली दुसरी खूण तेव्हा उपलब्ध होती.

ती खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण. १९९९ मध्ये ती उत्तर अमेरिकेत आली. तिच्यासाठी टायर खरोखर दाबलेल्या बर्फावर चालवतात आणि एका ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा त्याची पकड किमान १० टक्के जास्त निघावी लागते. जर्मनीनं २०१७ मध्ये नियम बदलला. २०१८ पासून बनलेल्या टायरना हिमकण हवाच, आणि त्याआधीचे नुसत्या एम+एस खुणेचे टायर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालतील, असं ठरलं. ती मुदतही उलटून गेली आहे. (हिमकणाच्या मूळ चाचणीत गोठलेल्या काचेसारख्या बर्फाचा समावेश नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.)

अशा रीतीनं एसला स्वतःची चाचणी मिळाली. एमला मिळाली नाही, आणि त्याचं एक खरं कारण आहे. चिखल पुन्हा तसाच तयार करता येत नाही. पाण्याचं प्रमाण थोडं बदललं की त्याच मातीची ताकद कुठल्या कुठं जाते. शिवाय पहिली गाडी गेली की दुसऱ्या गाडीला मिळणारी जमीन वेगळीच असते.

तरी चिखल मोजायचा प्रयत्नच झाला नाही असं म्हणता येणार नाही. महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबून मातीची ताकद मोजायची पद्धत बसवली. एखाद्या गाडीला एकदा जायला किती ताकदीची माती लागते आणि त्याच चाकोरीतून ५० वेळा जायला किती, असा आकडा त्यातून काढत. त्या गणितात गाडीचं वजन येतं, जमिनीवरचा दाब येतो, टायरची रुंदी, पोटाखालची उंची, इंजिनची ताकद येते. नक्षी येत नाही. चाकांना साखळ्या बांधल्या असतील तर किंचित गुण मिळतो, एवढंच. मऊ जमिनीवर गाडी तरते की रुतते हे आधी वजन आणि दाब ठरवतात, ठोकळ्यांची पाळी त्यानंतर येते. टायरच्या जाहिरातींत हे कधी सांगितलं जात नाही.

याचा अर्थ नक्षी फुकट आहे असा नाही. चिकणमातीत ताकद चिकटपणातून येते, वरचं वजन वाढवून ती फारशी वाढत नाही. तिथं टायरनं मातीचा जितका मोठा तुकडा पकडून कातरला तितका जोर मिळतो, आणि हे ठोकळ्यांमधली जागा प्रत्येक फेऱ्यात रिकामी झाली तरच घडतं. खाचा भरल्या की मड-टेरेनही गुळगुळीत टायरसारखाच फिरत राहतो. वाळूत उलट आहे. तिथली ताकद कणांच्या घर्षणातून आणि वजनातून येते, आणि मोठे ठोकळे चाकाला खाली खणत नेतात. वाळूत मड-टेरेन घेऊन जाणं म्हणजे फावडं घेऊन जाणं आहे.

अरुंद की रुंद, हा जुना वादही इथंच सुटतो. वर वीतभर चिखल आणि खाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला पोचतो. खाली तळच नसेल तर तरंगणं भाग आहे आणि रुंदी लागते. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जमिनीपुरते बरोबर असतात.

हवेचा हिशोब मात्र कुठल्याही जमिनीवर लागू पडतो. २००० किलोच्या गाडीत एका चाकावर सुमारे ५०० किलो येतात. ३५ पीएसआय हवेला टेकलेला भाग ढोबळमानानं २०० चौरस सेंटिमीटर असतो, १८ पीएसआयला तो ४०० च्या आसपास जातो. इथं प्लायचा, म्हणजे टायरच्या आतल्या थरांचा, प्रश्न येतो. ‘१० प्लाय’ म्हणजे आत दहा थर नसतात. सुती दोऱ्यांच्या काळातल्या ताकदीशी केलेली ती तुलना आहे, आणि लोड रेंज, म्हणजे भार पेलण्याची अक्षरांतली श्रेणी, यातला ई म्हणजे तेच. हलक्या गाडीला ई घेतला तर बाजू इतकी ताठ असते की हवा कमी करूनही टायर पुरेसा पसरत नाही. अशा गाडीला त्याहून खालचा लोड रेंज सी बहुधा जास्त शोभतो. दुकानात मात्र जास्त प्लाय म्हणजे जास्त चांगला असंच सांगितलं जातं.

एमला चाचणी मिळाली नसली तरी युरोपीय नियमांत मड-टेरेनच्या सर्वात जवळ जाणारी एक खूण आहे, पीओआर, म्हणजे व्यावसायिक ऑफ-रोड टायर. मोटारी आणि हलक्या ट्रकांच्या टायरसाठी तिच्या अटी अशा: नक्षीची खोली किमान ११ मिलिमीटर, रिकामी जागा किमान ३५ टक्के, आणि वेगाची मर्यादा क्यू, म्हणजे ताशी १६० किलोमीटर, किंवा त्याहून कमी. ही खूणही भूमितीचीच आहे, चिखलाची हमी तीही देत नाही. पण २५ ऐवजी ३५ टक्के म्हटल्यावर निदान सौम्य नक्षीचे टायर गळून पडतात. या खुणेचा दुसरा पैलू खरेदी करणाऱ्यानं जाणून घ्यावा. पीओआर टायर युरोपच्या इंधन, ओली पकड आणि आवाज दाखवणाऱ्या लेबलमधून वगळलेले आहेत. म्हणजे नेमके जे टायर ओल्या डांबरावर सर्वात कमी रबर टेकवतात, त्यांच्याच ओल्या पकडीचा आकडा लेबलवर मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत तिसरं नाव पुढे आलं आहे, रग्ड-टेरेन किंवा आर/टी. खांदे मड-टेरेनचे, मध्यभाग ऑल-टेरेनचा. जुना ट्रॅक्टरवाला वाद या टायरनं मधोमध जोडून आणि कडांना मोकळं सोडून मिटवला आहे. यातल्या अनेकांवर हिमकणही असतो. आठवड्याचे सहा दिवस डांबर आणि एखाद्या दिवशी शेतवाटेचा चिखल असेल, तर मी आर/टी सुचवेन. सलग चिकणमातीत, चाकोऱ्यांतून काम असेल तर त्याचा भरीव मध्यभाग लवकर भरून येतो, आणि तिथं १५ मिलिमीटरच्या पुढची खोली आणि मोकळा मध्यभाग असलेला खरा मड-टेरेनच लागतो. खोली टायरच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. रिकाम्या जागेचं प्रमाण सहसा छापलेलं नसतं, ते टायर समोर ठेवून डोळ्यांनीच पाहावं लागतं.