लष्करी बळाच्या वापराला अमेरिकी काँग्रेसची मंजुरी

ठरावीक शत्रूविरुद्ध सैन्य वापरण्याचा अधिकार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना देणारा, काँग्रेसने संमत केलेला कायदा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एयूएमएफ’ या नावाने ओळखला जातो. तो संयुक्त ठरावाच्या रूपात येतो. प्रतिनिधिगृह आणि सेनेट या दोन्ही सभागृहांत एकच मसुदा संमत होऊन त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली की तो कायदा होतो.

अमेरिकी राज्यघटनेने युद्धाचा अधिकार दोन हातांत ठेवला आहे. युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे आणि त्यासाठी पैसा मंजूर करणे हे पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमानुसार काँग्रेसचे काम. दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्ष हे सरसेनापती. देशावर अचानक हल्ला झाला तर तो परतवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी मंजुरीची वाट पाहायची नसते, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो त्यापलीकडच्या कारवायांचा. काँग्रेसने रीतसर पुकारलेली युद्धे पाचच : १८१२ चे ब्रिटनविरुद्धचे, १८४६ चे मेक्सिकोविरुद्धचे, १८९८ चे स्पेनविरुद्धचे आणि दोन महायुद्धे. शेवटची घोषणा जून १९४२ मधली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्धची. त्यानंतरच्या मोठ्या लढाया मंजुरीच्या ठरावावर झाल्या, किंवा १९५० च्या कोरियातील युद्धाप्रमाणे ठरावाविनाच.

युद्ध न पुकारता मोजूनमापून मुभा देण्याची पद्धत मात्र जुनी आहे. १७९८ पासून फ्रान्सशी चाललेल्या अघोषित सागरी संघर्षात काँग्रेसने फ्रेंच बंदरांकडे जाणारी अमेरिकी जहाजे अडवण्याचा अधिकार दिला. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या सरकारने नौदलाला काढलेल्या आदेशात फ्रेंच बंदरांतून येणारी जहाजेही घातली. त्या आदेशावरून कॅप्टन जॉर्ज लिटल यांनी ‘फ्लाइंग फिश’ हे डॅनिश जहाज पकडले. १८०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात नसलेला अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने येत नाही, आणि नुकसानभरपाई कॅप्टनवर बसवली.

मसुद्याचे मोजमाप

असा ठराव वाचताना शत्रू कोण, बळ कशासाठी, कोणत्या प्रदेशात, किती काळ आणि काँग्रेसला अहवाल कधी, हे पाहावे. यांतले जे लिहिलेले नसते ते पुढे सरकारच्या वकिलांच्या अर्थ लावण्यावर जाते. १९६४ च्या टोंकिन आखात ठरावात (प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २) आग्नेय आशियात ‘सर्व आवश्यक पावले’ उचलण्याची मुभा होती, आणि त्यावर व्हिएतनाममधील सारे युद्ध उभे राहिले. याउलट १९८३ च्या लेबनॉन ठरावाने १८ महिन्यांची मुदत घातली होती.

२००१ चा कायदा या दृष्टीने सर्वांत बारकाईने वाचण्याजोगा आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तिसऱ्याच दिवशी तो संमत झाला. सेनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. विरोधातले एकमेव मत बार्बरा ली यांचे. भविष्यातला कोणताही दहशतवाद रोखण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार व्हाइट हाउसच्या पहिल्या मसुद्यात मागितला होता. काँग्रेसने तो काढून टाकला आणि मुभा त्या हल्ल्यांचे सूत्रधार, साहाय्यक व त्यांना आसरा देणारे यांच्यापुरती ठेवली. पण हे कोण, ते राष्ट्राध्यक्षांनीच ठरवायचे; आणि मसुद्यात देशांची नावे नाहीत, मुदतही नाही. ‘संलग्न संघटना’ हा शब्द कायद्यात कोठेही नसताना त्याच आधाराने कारवाई येमेन आणि सोमालियापर्यंत गेली. २०१४ मध्ये अल् कायदापासून फुटलेल्या इस्लामिक स्टेटवरही हाच कायदा लावण्यात आला. मुदतीचे कलम नसणे ही या कायद्याची सर्वांत मोठी उणीव आहे. २०१५ मध्ये बराक ओबामा यांनी इस्लामिक स्टेटसाठी तीन वर्षांच्या मुदतीचा स्वतंत्र मसुदा पाठवला. त्यावर मतदानच झाले नाही.

साठ दिवसांचे घड्याळ

रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून नोव्हेंबर १९७३ मध्ये युद्धाधिकार ठराव संमत झाला. त्यानुसार सैन्य लढाईत उतरवल्यावर राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला लेखी कळवायचे, आणि ६० दिवसांत मंजुरी न मिळाल्यास लढाई थांबवायची. माघार सुरक्षित व्हावी म्हणून आणखी ३० दिवस मिळतात. केवळ खर्च मंजूर केला म्हणून युद्धाला संमती दिली असे मानू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

घड्याळ प्रत्यक्षात अनेकदा अडते. १९९९ मध्ये कोसोव्होच्या हवाई मोहिमेवर प्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २१३ अशी मते पडून ठराव फेटाळला गेला; तरी काँग्रेसने पैसे दिले आणि मोहीम ७८ दिवस चालली. २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटल्यावर, जमिनीवर सैन्य नाही आणि जीवितहानीचा धोका अल्प, तेव्हा ही कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’च नव्हे, असा युक्तिवाद सरकारने केला. खासदार न्यायालयात गेले तर न्यायालये बहुधा अशा दाव्यांच्या गुणदोषांत शिरत नाहीत.

याहून मोठी अडचण १९८३ मध्ये आली. राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना केवळ दोन सभागृहांच्या ठरावाने सैन्य मागे बोलावता येईल, असे १९७३ च्या ठरावात होते. सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरविषयक एका खटल्यात असा सहीविना नकार घटनाबाह्य ठरवला, आणि या कलमाचा आधार गेला. आता युद्ध थांबवायलाही राष्ट्राध्यक्षांची सही लागते. ती नसेल तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते. येमेनविषयीचा २०१९ चा आणि इराणविषयीचा २०२० चा ठराव डोनाल्ड ट्रम्प यांच्या नकाराधिकारावर असेच अडकले. मंजुरी साध्या बहुमताने मिळते, ती परत घ्यायला मात्र दोन-तृतीयांश लागू शकतात; म्हणून मुदतीचे कलम पहिल्याच मसुद्यात घालणे अत्यावश्यक आहे.

इराकसंबंधीचे १९९१ आणि २००२ चे ठराव सद्दाम हुसेन यांची राजवट संपल्यावरही वर्षानुवर्षे कायद्यात राहिले. जानेवारी २०२० मध्ये इराणी सेनापती कासिम सुलेमानी यांच्यावरील हल्ल्यासाठी २००२ च्या ठरावाचा आधार सांगितला गेला. २०२३ मध्ये सेनेटने दोन्ही रद्द करण्याच्या बाजूने ६६ विरुद्ध ३० असे मत दिले, पण प्रतिनिधिगृहात ते विधेयक पुढे गेले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वार्षिक संरक्षण कायद्यातून ते अखेर रद्द झाले. २००१ चा कायदा त्यात नव्हता.