अनेक चामखिळी एकत्र काढून घेण्यापूर्वी: आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांसाठी माहिती

मान, काख, जांघ, स्तनांखालची घडी, पापणी, म्हणजे जेथे त्वचा त्वचेवर किंवा कापडावर सतत घासते, तेथे बारीक देठाच्या, मऊ, लोंबत्या चामखिळी उगवतात. त्यांनाच हल्ली स्किन टॅग म्हणतात. वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुरा आणि आसपासच्या भागांतून आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर त्या एक-दोन नसून अनेक असतात, आणि सगळ्या एकदमच काढून टाकाव्यात असा त्यांचा आग्रह असतो. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

या चामखिळी तंतुमय ऊती, थोडी चरबी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या यांच्या बनलेल्या असतात. त्या कर्करोग नव्हेत, आणि विषाणूमुळे उठणाऱ्या खरखरीत, कडक चामखिळींप्रमाणे त्या एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर पसरत नाहीत. त्यामुळे त्या काढल्याच पाहिजेत असे वैद्यकीय बंधन नाही, हे आम्ही आधीच सांगतो. मंगळसूत्रात किंवा कॉलरमध्ये अडकून दुखणे, दाढी करताना रक्त येणे, देठाला पीळ पडून चामखीळ काळी-निळी होणे किंवा ती डोळ्यांना खटकणे, यांपैकी कोणतेही कारण ती काढायला पुरेसे आहे.

मानेवर चामखिळी पुष्कळ असतील आणि त्याच जागी त्वचा काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर ते बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याचे लक्षण असते. अशा वेळी आम्ही उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) या तपासण्या करून घ्यायला सांगतो, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. चामखिळी कापल्याने साखर कमी होणार नाही, पण मान साफ करून घ्यायला आलेल्या माणसाला वाढलेल्या साखरेचा पत्ता वेळीच लागला, तर ते आम्हाला कापण्यापेक्षा मोलाचे वाटते. गरोदरपणात उगवलेल्या चामखिळी काही वेळा बाळंतपणानंतर आपोआप आक्रसतात, म्हणून त्यांच्याबाबत थोडे थांबणे बरे.

प्रत्यक्ष काम सोपे आहे. त्वचा जंतुनाशकाने पुसून बारीक चिमट्याने चामखीळ किंचित वर ओढली की देठ ताणला जातो, आणि वक्र कात्रीने तो त्वचेच्या पातळीशी एका फटक्यात कापता येतो. टिपूसभर रक्त येते. गॉज दाबून धरला, की बहुधा एक-दोन मिनिटांत थांबते, नाहीतर विद्युतदहनाने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, थांबवतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या चामखिळींसाठी भुलीचे मलम तासभर लावून झाकून ठेवणे पुरते, तर रुंद बुडाच्या चामखिळींना लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन द्यावे लागते. अॅड्रेनलिन न मिसळलेल्या लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम असल्याने, आणि एकाच वेळी फार जखमा झाल्यास त्यांची निगा राखणे अवघड जात असल्याने, संख्या मोठी असल्यास आम्ही दोन किंवा अधिक बैठका ठरवतो. द्रव नायट्रोजनने गोठवण्याचीही पद्धत आहे, परंतु सावळ्या त्वचेवर तिने पांढुरके डाग राहू शकतात. म्हणून कात्रीच आमची पहिली पसंती.

जी चामखीळ रंग बदलते, झपाट्याने वाढते, चिघळते किंवा धक्का न लागताही रक्ताळते, ती इतर कापलेल्या तुकड्यांत मिसळू न देता फॉर्मेलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) वेगळ्या बाटलीत, शरीरावरची जागा लिहून, सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवली जाते. पापणीच्या कडेवरील चामखीळ आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे आणि गुदद्वाराजवळील कोंब शल्यचिकित्सकांकडे पाठवतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, पण आम्हाला अवश्य सांगावे. पेसमेकर, भुलीच्या औषधाची अॅलर्जी किंवा पूर्वीच्या जखमेवर उंचवटलेला जाड व्रण येण्याची प्रवृत्ती असल्यास, तेही आधीच कळवावे.

काढल्यानंतर जखम रोज साबण-पाण्याने हलकेच धुवून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा आणि खपली नखाने काढू नये. मानेवरच्या लहान जखमा साधारणपणे आठवडा-दहा दिवसांत भरतात, मात्र काळसर डाग फिका व्हायला काही महिनेही लागू शकतात. नवरात्रीत चणिया-चोळी घालायची म्हणून घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात येणाऱ्यांना आम्ही सहसा परत पाठवतो, कारण गरब्याचा घाम आणि दागिन्यांचे घर्षण ताज्या जखमेला मानवत नाही. निदान दोन महिने आधी यावे. जखमेभोवती लाली पसरली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे.

घोड्याचा केस बांधणे, चुना-सोडा लावणे किंवा ऑनलाइन मागवलेली आम्लयुक्त औषधे लावणे यांमुळे झालेले जखमांचे आणि भाजल्याचे व्रण आम्ही नेहमी पाहतो, आणि ते चामखिळीपेक्षा अधिक विद्रूप असतात. नीट कापलेली चामखीळ सहसा त्याच जागी पुन्हा येत नाही, पण घर्षण, वजन आणि साखर तशीच राहिल्यास शेजारी नवी येऊ शकते. खर्च संख्या, आकार आणि बैठका पाहून आधी लेखी सांगितला जाईल. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कामाचे पैसे विमा कंपन्या बहुधा देत नाहीत, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी कंपनीकडे चौकशी करावी.