फुटबॉलपटूचा करार (पुण्याच्या संदर्भात)

फुटबॉलपटूचा करार : ठरावीक मुदतीपर्यंत एका क्लबकडून खेळण्याच्या मोबदल्यात खेळाडूला वेतन देण्याचा लेखी करार. फिफाच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक ठरण्यास दोन गोष्टी लागतात: क्लबशी लेखी करार आणि खेळण्यासाठी होणाऱ्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक मोबदला. यांपैकी एकही गोष्ट ज्याच्याजवळ कमी असेल, तो हौशी. पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये गाडीभाडे, बूट आणि सामन्यामागे हातात पडेल ती रक्कम घेऊन खेळणारा मुलगा म्हणूनच हौशी ठरतो. मिळणारे पैसे खर्चापेक्षा जास्त असले तरी कागद नसतो.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २० जुलै १८८५ रोजी पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली. करार संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबच्या मुठीत ठेवणारी पद्धत त्यानंतरची. तिचे मूळ काही जण १८८५ च्या नोंदणीसक्तीत पाहतात. परंतु ती नोंदणी वर्षापुरती असे. वर्ष उलटल्यावरही खेळाडूला अडवून धरण्याचा अधिकार क्लबना इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या नियमाने मिळाला, म्हणून १८९३ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते. १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल वेतनमर्यादा आली आणि ती वाढत वाढत वीस पौंडांवर असताना १९६१ मध्ये रद्द झाली. १९६३ मध्ये खेळाडू जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात ही अडवणूक व्यवसायावरील अवाजवी बंधन ठरली. बेल्जियन खेळाडू बोस्मन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील क्लबना बदलीशुल्क मागणे बंद झाले. फिफाची २००१ ची नियमावली या निकालानंतरच्या घडामोडींतून आली. तिच्या आजच्या रूपानुसार करार कमीत कमी हंगामाच्या अखेरीपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी तीनच वर्षांचा. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढील करार करू शकतो.

भारतात दीर्घकाळ करारापेक्षा नोकरी महत्त्वाची होती. बँका, रेल्वे, गिरण्या, पोलीस आणि लष्कर यांचे संघ असत. खेळाडू हजेरीपटावर कर्मचारी म्हणून असे आणि पगार, बढती, निवृत्तिवेतन हाच त्याचा मोबदला. पुण्यात खडकी आणि कॅम्प या लष्करी वस्त्यांमुळे फुटबॉल रुजला आणि त्यालाही हेच वळण लागले. शहरात व्यावसायिक करार केव्हा सुरू झाला, याविषयी दोन मते संभवतात. नोकरी हाच खेळाचा खरा मोबदला मानला, तर आरंभ बराच मागे जातो. मात्र नोकरी खेळ संपल्यावरही टिकते आणि क्लब बदलला की करार संपतो, हा फरक लहान नाही. तो ध्यानात घेता अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेल्या पुणे एफसीपासून गणना करणे बरे. हा संघ २००९–१० च्या हंगामात आय-लीग या तेव्हाच्या देशातील सर्वोच्च लीगमध्ये आला आणि बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळू लागला. २०१२–१३ मध्ये तो उपविजेता होता.

पुढे शहरात आणखी तीन क्लब आले. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४–१५ चा एकच हंगाम खेळला. १९८७ पासूनच्या शिवाजीयन्सचे डीएसके शिवाजीयन्स झाले आणि २०१५–१६ व २०१६–१७ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये काढून ते बाहेर पडले. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ टिकला. पुणे एफसी २०१५ मध्ये थांबला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली.

सुपर लीगने पुण्यात मानधनाची दोन टोके एका ड्रेसिंग रूममध्ये आणली. पहिल्याच वर्षी १९९८ च्या विश्वचषकविजेत्या फ्रेंच संघातला दाविद त्रेझेगे ‘मार्की’ म्हणजे संघाचा मुख्य आकर्षण ठरणारा नामांकित खेळाडू म्हणून आला. १० जुलै २०१५ च्या लिलावात एफसी पुणे सिटीने यूजीनसन लिंगडोहसाठी १.०५ कोटी रुपये मोजले. त्याच लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १.२ कोटींना घेतले होते. हे आकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मावतात, पण हा पैसा किती दिवसांचा होता, हे सहसा कोणी विचारत नाही. २०१४ चा हंगाम १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला होता. भारतीय खेळाडू बहुधा आय-लीग क्लबच्या करारात असत आणि तेवढ्या अवधीपुरते ‘लोन’वर, म्हणजे उसने, येत. २०१७–१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी खेळवल्या जाऊ लागल्या आणि खेळाडूला एकच क्लब निवडावा लागला. कित्येक वर्षांचे करार त्यानंतर रूढ झाले.

करारात मूळ वेतन, सही करताना मिळणारी रक्कम, सामन्याचा व विजयाचा बोनस, राहणे, विमानप्रवास आणि दुखापतीच्या काळातील वैद्यकीय खर्च अशी कलमे असतात. एजंटचे दलाली कलम बहुधा वेगळ्या कागदावर असते. महिला खेळाडूंसाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठराव केला की इंडियन वुमन्स लीगमधील क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचे करार करावेत.

खेळाडू नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, हा प्रश्न भारतात अधिक गुंतागुंतीचा आहे. फिफाची नियमावली त्याला कर्मचारी धरते. क्लब त्याने कुठे राहावे, काय खावे, किती वाजता झोपावे हेही ठरवतो. आयकर कायद्यात मात्र १९६१ च्या अधिनियमाचे कलम ‘१९४-जे’ २००८ च्या अधिसूचनेने खेळाडूंना लागू झाले आणि क्लब मानधनातून दहा टक्के कर कापून उरलेले ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून देऊ लागले. महिन्याला एक लाख ठरलेल्या खेळाडूच्या खात्यात नव्वद हजार जमा होतात. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाचा रकाना मात्र रिकामाच राहतो. अनिवासी परदेशी खेळाडूला कलम ११५ बीबीए खाली वीस टक्के कर होता. तो वाटाघाटी ‘नेट’मध्ये, म्हणजे कर वजा जाता हाती येणाऱ्या रकमेत करतो; हातात ८० लाख हवे असतील तर अधिभार सोडूनही क्लबला एक कोटीचा बोजा पडतो. सत्तर दिवसांच्या हंगामात अनिवासी राहणे सोपे होते. हंगाम लांबला तसे १८२ दिवसांच्या निवासाची रेषा जवळ आली आणि हिशेबनिसांची वही जाड झाली.

करार मोडण्याच्या प्रश्नात दोन कायदे एकमेकांवर येतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ व्यवसायाला अडथळा आणणारा करार निरर्थक ठरवते. क्रिकेटपटू झहीर खान याच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत संपल्यानंतरचे बंधन याच कलमाने अमान्य केले. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ नुसार वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. न्यायालय खेळाडूला मैदानात उतरवू शकत नाही. पण त्याच अधिनियमाचे कलम ४२ मुदत चालू असताना दुसरीकडे खेळू नये, असा मनाई आदेश देऊ देते. उरलेली बाब भरपाईची. २०२४ मध्ये अन्वर अलीने मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे जाण्याचे ठरवल्यावर महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटींची भरपाई लावली. दिल्ली उच्च न्यायालयात ती टिकली नाही.

क्लबकडून पगार थकला, तर? फिफाने जून २०१८ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे किमान दोन महिन्यांचे वेतन देय दिवशी न मिळाल्यास खेळाडूने लेखी नोटीस देऊन निदान पंधरा दिवसांची मुदत द्यावी; तीही उलटल्यास त्याला सबळ कारणाने करार संपवता येतो आणि उरलेल्या मुदतीची भरपाई मागता येते. क्लबच बंद पडला, तर भरपाई कोणाकडून मागायची, हा पुढचा प्रश्न. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे लीगबाहेर गेला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. प्रशिक्षक फिल ब्राउन आणि मार्सेलिन्हो, आदिल खान यांच्यासारखे खेळाडू तिकडे गेले. फिफाच्या २०१९ च्या शिस्तसंहितेत बंद पडलेल्या क्लबच्या ‘क्रीडावारस’ क्लबवर, म्हणजे त्याचा खेळ पुढे चालवणाऱ्या क्लबवर, देणी येऊ शकतात आणि तो ओळखताना नाव, मुख्यालय, रंग, खेळाडू, मालक व स्पर्धेचा दर्जा पाहतात. खेळाडू आणि लीगमधील स्थान पाहिले तर वारसा दिसतो. नाव, शहर आणि मालक पाहिले तर दिसत नाही. केवळ लीगने रिकामी जागा दुसऱ्या मालकाला दिली म्हणून देण्यांचाही वारसा मानावा, हे तर्काला फारसे पटणारे नाही.

याच बाबीचे दुसरे टोक अकादम्यांच्या हिशेबात दिसते. खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली शुल्क देऊन झाली की त्या शुल्काचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबना मिळतात. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामाला ०.२५ टक्के आणि पुढच्या प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. एखादा मुलगा बारा ते सतरा या वयात पुण्यातल्या एका अकादमीत शिकला आणि नंतर एक कोटीला परदेशी गेला, तर त्या अकादमीच्या क्लबचा वाटा चार हंगामांचे एक लाख आणि दोन हंगामांचे एक लाख, असा दोन लाख होतो. ही वाटणी २०२२ पासून फिफाच्या क्लिअरिंग हाउस या देणी वळती करणाऱ्या यंत्रणेमार्फत होते. घडवणारा क्लब अस्तित्वात नसेल, तर ती रक्कम राष्ट्रीय संघटनेकडे जाते आणि तिने ती युवा फुटबॉलवर खर्च करावी, असा नियम आहे. २०१५ ते २०१९ या काळात बंद झालेल्या पुण्याच्या क्लबच्या मैदानांवर वाढलेल्या मुलांचा वाटाही याच नियमाखाली येतो.