सांभाळून घेणं आणि साथ देणं: शिफ्टवर फरक कुठे पडतो

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या कारखान्यांच्या भागातल्या कुठल्याही शॉपमध्ये विचारा, कामाला सोबत कोण हवा? उत्तर ठरलेलं असतं: "सांभाळून घेतो बघा, तो." मुलाखतीत 'टीम प्लेयर' म्हणतात तो हाच, असा आपला समज. पण सांभाळून घेणं वेगळं आणि साथ देणं वेगळं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत माणूस दुसऱ्याचं काम उचलतो, कुरकुर करत नाही, चारचौघांत कुणाला उघडं पाडत नाही. साथ देणारा मात्र काम उचलतो आणि काय बिघडलं होतं ते ज्याला कळायला हवं त्याला कळवतो. सांभाळून घेणारा काम उचलतो आणि बिघाड आपल्यापाशीच जिरवतो.

सीएनसीवरचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचं, एक उदाहरण घेऊ. बिडाच्या कास्टिंगमध्ये (ओतीव नगात) ४० एच ७ चा बोअर, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी व्यासाचं भोक. बोअरिंगचा इन्सर्ट (कापणारी टीप) झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो. म्हणून ऑपरेटर दर काही नगांनी वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या आकड्यात, ५-५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढवत माप मध्यावर, ४०.०१२ च्या आसपास आणत राहतो. शिफ्ट संपेपर्यंत ही बेरीज २० मायक्रॉनवर गेलेली असते. निघता निघता तो चांगल्या मनानं नवी टीप लावून जातो, पुढच्याला त्रास नको म्हणून. वेअर शून्यावर आणायचा मात्र राहून जातो. पुढच्या शिफ्टचा पहिला नग निघतो ४०.०३२ चा. लहान राहिलेला बोअर परत मारता येतो, मोठा झालेला गेला भंगारात.

आता दुसऱ्या शिफ्टवाल्यानं काय करायचं? सांभाळून घेणारा वेअर शून्य करतो, तो नग जुन्या रिजेक्शनच्या ढिगात सरकवतो आणि कामाला लागतो. कुणाला बोल लागत नाही. पण आपल्या हातून काय राहिलं ते पहिल्याला कळतच नाही, त्यामुळे पुढच्या टीपेला पुन्हा तेच होतं. एखाद्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला नवखा पोरगा असतो, पहिला नग न मापता वीस काढतो, आणि मग ओरडा खातो तो पोरगा. ज्यानं चार वेळा झाकलं त्याचं नाव कुठेच येत नाही.

साथ देणारा नगावर खडूनं ४०.०३२ लिहून तो वेगळा ठेवतो, रजिस्टरमध्ये एक ओळ टाकतो आणि पहिल्याला फोन करतो: "टीप बदललास, वेअर वीसवर तसाच ऱ्हायला. एक नग गेला." एवढंच. 'तुझं लक्ष नसतं', 'नेहमीचंच आहे' यातलं काही नाही. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पॅनेलवर चिठ्ठी चिकटवतात: टीप बदलली की वेअर ०, मग पहिला नग मापायचा. गेलेला नग दोन्ही वाटांनी गेलाच. पुढचे वाचले ते फक्त दुसऱ्या वाटेनं.

मापाचीच आणखी एक गंमत, कारण इथे भांडणं फार होतात. गरम नग मोठा दाखवतो. नग गेजपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ४० मिमीच्या बिडाच्या बोअरला ८-९ मायक्रॉनचा फरक पडतो. एकानं मशीनमधून काढल्या काढल्या मापलं, दुसऱ्यानं निवल्यावर, आणि दोघंही बरोबर! सांभाळून घेणाऱ्या शॉपमध्ये अशा वेळी "तू म्हणतोस तसं" म्हणून विषय मिटवतात. साथ देणाऱ्यांत तोच नग, तोच बोअर गेज, दोघांच्या देखत पुन्हा लावतात.

फाउंड्रीत हा फरक महागात पडतो. एसजी आयर्नच्या (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या बिडाच्या) मेटलला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतं. मॅग्नेशियम उडत राहतं. साधारण आठ-दहा मिनिटांत शेवटचा बॉक्स (साचा) ओतून व्हायला हवा. कास्टिंगमध्ये शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास लागतं. त्याच्या खाली गेलं की ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि माल ठिसूळपणाकडे झुकतो. वरून बघून काही कळत नाही.

समजा मोल्डिंगला उशीर झालाय. वीस बॉक्स लावायचे होते, चौदाच लागलेत, सहांवर वजनं ठेवायची बाकी आहेत. तिकडून आवाज येतो, "बॉक्स भरूलालोय, जरा थांब की!" भट्टीवाला मात्र हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेला घाणा, काढायला निघालेला. पोरिंगवाला भला माणूस असेल तर लेडल (वितळलेलं मेटल ओतायचं भांडं) घेऊन थांबतो आणि उरलेले सहा बॉक्स बाराव्या-तेराव्या मिनिटाला ओततो. मोल्डिंगवाले वाचले. नंतर मायक्रोस्कोपखाली गोळे बिघडलेले दिसतात आणि बोट जातं मेल्टिंगकडे. ते बिचारे कंपोझिशन तपासत बसतात. भट्टीतलं कंपोझिशन ठीकच निघतं, आणि लेडल किती थांबली हे कागदावर कुठेच नसतं.

साथ इथे आधी द्यायची असते. टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून मेटल काढायच्या, पाच मिनिटं आधी पोरिंगवाल्यानं बॉक्स मोजायचे आणि कमी असतील तर हीट थांबवायला सांगायचं. मेटल भट्टीत थोडा वेळ धरून ठेवता येतं, ट्रीटमेंट झालेलं लेडलमध्ये धरता येत नाही. मधल्या वेळात एक हेल्पर वजनं ठेवायला मोल्डिंगला द्यायचा. हीच खरी मदत, आणि ती सगळ्यांसमोर होते. तरीही वेळ टळली तर उरलेलं मेटल पिगमध्ये (साध्या लाद्यांच्या साच्यात) ओतायचं, ते परत भट्टीत जातं. बॉक्स रिकामे राहिले म्हणून बोलणी बसतील, बसू देत. शेवटचा बॉक्स किती वाजता ओतला हे हीट नंबरापुढे लिहायचं आणि चाचणीचा तुकडा त्याच बॉक्सचा घ्यायचा. पहिल्या बॉक्सचा तुकडा छानच येतो, त्यात काय!

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती भाषा. सुपरवायझर कन्नड, ऑपरेटर मराठी, हेल्पर हिंदी बोलणारा, असं एकाच मशीनवर सर्रास असतं. कन्नडमधलं "आयतु" 'झालं' यालाही चालतं आणि 'बरं, करतो' यालाही. आपण 'झालं' ऐकतो आणि पुढे जातो. आपलं "बघतो" तरी कुठे सरळ आहे? होकार की नकार, ज्यानं त्यानं ठरवायचं. सांभाळून घेणारा समजलं नाही तरी मान हलवतो, उगीच परत विचारून वाईट का दिसा. यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे आकडा. किती झाले, किती वाजता, कुठल्या मशीनवर. आकडे तिघांनाही वाचता येतात.

मग सांभाळून घेणं वाईटच का? नाही. एखाद्याच्या घरी आजारपण आहे, रात्रभर केएलई हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर बसून तो सकाळी शिफ्टला आलाय. त्याचं कारण चारचौघांत न्यायची काही गरज नाही, ते पोटात ठेवावं. आकडा मात्र पोटात ठेवायचा नाही. नव्वद नगांच्या जागी आज साठ होणार असतील तर सुपरवायझरला ते दहा वाजता सांगायचं, तीन वाजता नाही: "या मशीनला आज साठ होतील. उरलेल्या तीसातले पंधरा मी घेतो, पंधरांचं तुम्ही बघा." कारण विचारलं तर 'अडचण आहे' एवढं पुरे. नवीन आलेल्यालाही पहिले काही आठवडे सांभाळून घ्यावंच लागतं. पण त्याचा चुकलेला नग आपण दुरुस्त करून दिला तर तो शिकणार कसा? त्याच्याच हातून करून घ्यायचा, आपण शेजारी उभं राहायचं.

हे चुगली करणं नव्हे का, असं विचारणारे भेटतात. चुगली मागून होते आणि ती माणसाबद्दल असते. इथे आधी त्याच्याशी बोलणं होतं आणि तेही कामाबद्दल. एकदा सांगून त्यानं ऐकलं नाही तर "चल, दोघं मिळून साहेबांना सांगू" म्हणायचं आणि खरंच दोघांनी जायचं.

राहता राहिली सुट्टी. गावची लक्ष्मी यात्रा असली की घरी पाहुणे मावत नाहीत, निम्मी शिफ्ट रजेवर. यल्लम्माच्या पुनवेलाही तेच. अशा वेळी "माझं पंच तेवढं मारून टाक" ही विनंती येते आणि नाही म्हणणाऱ्याला माणूसघाणा ठरवतात. पंच मारणं हे सांभाळून घेण्याचं टोक आहे. हजेरीत अकरा, शॉपमध्ये दहा. आग लागली, गॅस गळला तर गेटबाहेर डोकी मोजताना तो अकरावा शोधायला कुणीतरी परत आत जातो. शिफ्टची अदलाबदल करायची तर निदान आठवडाभर आधी, रोस्टरवर दोघांच्या सह्या करून आणि ज्याला ते मशीन चालवता येतं त्याच्याशीच. पॉवर प्रेसवर बदली म्हणून पॅकिंगचा माणूस उभा करायचा नाही, तो कितीही तयार असला तरी. आणि परतफेडीची तारीख त्याच कागदावर लिहून टाकावी, नाहीतर पुढच्या यात्रेला त्यावरूनच वाजतं.