घरी मराठी, म्हणून इंग्रजी कच्चं?

‘घरात इंग्रजी बोला, न्हाईतर पोरगं मागं पडंल’ हा सल्ला कोल्हापुरात पालकसभेपासून रंकाळ्यापर्यंत फिरतो. तो चुकीचा आहे. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात बघा: घरी सिंधी, गल्ल्यावर खणखणीत मराठी. गडहिंग्लज भागात कित्येक घरांत कन्नड. त्यांचं मराठी अडलं का?

घरी इंग्रजी असेल तरच ते पक्कं होतं, यासाठी जनगणनेचा दाखलाही उगाच दिला जातो. तिथं मातृभाषा आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात. इंग्रजी किती चांगलं येतं, हा प्रश्नच नसतो. २०११ मध्ये इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशभरात जेमतेम २.६ लाख होते, दुसरी-तिसरी भाषा म्हणून सांगणारे मात्र १२ कोटींहून अधिक.

इंग्रजी कच्चं राहतं ते पुरेसं वाचायला-बोलायला न मिळाल्यानं. आईबापांच्या ओढूनताणून बोललेल्या चार वाक्यांनी ती कसर भरत नाही. उलट जेवणावरच्या गप्पा आटतात.