कसणाऱ्याला काय म्हणायचं?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं, मराठवाड्यातली जुनी दफ्तरं निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. मराठ्यांना कुणबी म्हणून दाखले आणि आरक्षण द्यायचं, तर जुन्या नोंदींत पुरावा हवा होता. शोध होता एका शब्दाचा: कुणबी. आज तो जातीच्या दाखल्यावरचा शब्द आहे. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या मनात तो जात म्हणून होता की धंदा म्हणून, यावर भांडण आहे. माझ्या मते हे भांडण त्या शब्दाच्या पोटातच आहे.

'कुणबी'चं मूळ संस्कृत 'कुटुंबिन्' शब्दात सांगतात, म्हणजे घरदार असलेला संसारी माणूस. घरदार आलं की त्यामागे शेतही आलंच. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता, तरी देवाने आपल्याला कुणबी केलं हे बरंच झालं, असं ते म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्यांचे तीन भेद सांगितले: कुणबी, माळी आणि धनगर. हे भेद मुळात कामाचे, असं त्यांचं म्हणणं. नुसती शेती करी तो कुणबी, जोडीला बागाईत करी तो माळी, मेंढरं राखी तो धनगर. तिघांवर मिळून त्यांनी 'शेतकरी' हे एकच छत्र धरलं. शंभरेक वर्षांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या कांदा आंदोलनात तेच छत्र पुन्हा उघडलं गेलं.

दफ्तराला मात्र माणूस काय करतो यापेक्षा सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, कोण भरतो हे कळायला हवं असतं. पेशवाईत देशावर मिरासदार (यालाच थळकरी म्हणत) आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. सारा भरतोय तोवर ती त्याची, शिवाय गावात मानपान. उपरी बाहेरून येऊन कसणारा, ठरलेल्या मुदतीपुरता. नांगर दोघांचा सारखाच चाले. 'मिरासदार' पुढे आडनाव होऊन बसलं.

१८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन पाहणी सुरू झाली. तिच्यातून घडलेल्या पद्धतीत प्रत्येक सर्व्हे नंबराचा सारा भरणारा खातेदार ठरला आणि मिरासदार-उपरी भेद हळूहळू विरला. खातं नावावर आल्यामुळे जमीन गहाण टाकता येऊ लागली, आणि सावकाराला तेच हवं होतं. १२ मे १८७५ रोजी सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. मग १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याचा फायदा शेतकऱ्यालाच मिळणार, म्हणून कोर्टाला आधी शेतकरी कोण हे ठरवावं लागलं: ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीवर, तो.

'कूळ' तर फारच गमतीचा शब्द. घराण्याचंही कूळ आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही कूळ. सावकाराचा देणेकरीसुद्धा त्याचं कूळच. कोकणात खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, कुळांनी १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावी संप पुकारला, तो सहा वर्षं चालला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'ला कूळ कागदोपत्री मालक झालं. पण याच कायद्यात 'जातीने कसणे' असा शब्दप्रयोग आहे. इथे जातीने म्हणजे स्वतः. तरी स्वतः देखरेख ठेवून मजुरांकडून कसून घेतलं, तर तेही जातीनेच कसणं! जमीनमालकांना जमीन परत मागायला ही फट पुरेशी होती.

बोलीतले शब्द कामाला जास्त चिकटून असतात. विदर्भात फारसीतून आलेला कास्तकार आहे. वर्षाच्या बोलीने राबणारा सालगडी किंवा सालदार. त्याचं साल मराठवाड्यात पाडव्याला ठरतं, खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दुसऱ्याचं रान कुणी पिकाच्या वाट्यावर, म्हणजे बटईने किंवा अर्धेलीने करतो, कुणी ठरलेल्या रकमेवर, म्हणजे खंडाने किंवा ठोक्याने. यांतल्या बहुतेकांची सातबाऱ्यावर नोंद नसते. राज्यात शेतजमीन विकत घ्यायची तर सहसा आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तो सातबाऱ्यावरून मिळतो. वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव लागलेला पुण्यातला इंजिनिअर त्यामुळे शेतकरी ठरतो, आणि वीस वर्षं बटईने रान करणारा ठरत नाही.

राहिली बाई. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तसं 'शेतकरीण' म्हटलं तरी आधी शेतकऱ्याची बायकोच डोळ्यांपुढे येते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. नंतर 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत कित्येकांनी बायकोच्या नावे जमीन केली. तरीही गावात एखाद्याला विचारावं, घरचं माणूस काय करतं? "काही नाही, घरीच असते. रानात जाते."