समुद्रातला सगळ्यात कॉमन जीव 1990 पर्यंत कुणाला माहीतच नव्हता

बॅक्टेरिया ओळखायचा तर आधी तो लॅबमध्ये वाढवायचा, शंभरेक वर्षं हाच नियम होता. पाणी घ्यायचं, अगार म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या थरावर पसरायचं, कॉलनी म्हणजे वाढलेल्या पेशींचा ठिपका आला की तपासायचा. पण तेच पाणी मायक्रोस्कोपखाली ठेवलं की पेशी दिसायच्या लाखो आणि डिशमध्ये वाढायच्या त्यातल्या शेकड्याला एखादी, बरेचदा तेवढ्याही नाहीत. मग बाकीचे कोण? नुसतं बघून कळत नाही, कारण दिसायला बहुतेक सगळे बारीक ठिपके नाहीतर काड्या.

उत्तर मिळालं रायबोसोममधून. प्रोटीन बनवणारं हे यंत्र प्रत्येक पेशीत असतं, त्यातला एक रेणू म्हणजे 16एस आरएनए, त्याच्या जीनचे काही भाग सगळ्या बॅक्टेरियांत जवळपास सारखे आणि काही भाग गटागटाप्रमाणे बदलणारे, म्हणजे आडनावासारखंच, वाचलं की कुठल्या घरातला ते कळतं. कार्ल वूज या शास्त्रज्ञाने याच रेणूची तुलना करून 1977 मध्ये आर्किया हा सूक्ष्मजीवांचा अख्खा वेगळा गट दाखवून दिला. पुढे नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवायची पायरीच गाळली, जिथे जीव राहतो तिथलाच नमुना घ्यायचा आणि सरळ त्यातले जीन वाचायचे. मला तर हा सूक्ष्मजीवशास्त्रातला सगळ्यात धाडसी विचार वाटतो.

स्टीफन जिओव्हानोनींच्या टीमने अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राच्या पाण्यावर हेच केलं, आणि 1990 मध्ये त्यांना असे जीन सापडले की जे माहीत असलेल्या कुठल्याच बॅक्टेरियाशी जुळेनात. नाव पडलं एसएआर11. पण हे नुसते जीन झाले, पेशी कुठाय?

त्यासाठी फिश नावाचं तंत्र वापरलं. त्या गटाच्याच आरएनएला चिकटेल असा डीएनएचा छोटा तुकडा बनवायचा, त्याला चमकणारा रंग जोडायचा आणि नमुन्यात सोडायचा, मग फक्त तीच पेशी उजळते. एसएआर11 एवढा बारीक की त्यात रायबोसोमच कमी, उजेड पुरेना, म्हणून एकाच वेळी अनेक तुकडे वापरावे लागले. 2002 मध्ये मोजणी झाली तेव्हा सारगासोच्या वरच्या पाण्यातल्या साधारण एक तृतीयांश पेशी याच निघाल्या! आपल्या अरबी समुद्रातही हा गट आहे.

नुसता जीन मिळाला म्हणून तो जीव जिवंत आहे की मेलेला, काय खातो, हे कळत नाही, म्हणून वाढवणं शेवटी लागतंच. त्याच वर्षी तेही जमलं. नेहमीचं पौष्टिक माध्यम सोडून गाळून निर्जंतुक केलेलं समुद्राचंच पाणी घेतलं, त्यात मोजक्याच पेशी टाकल्या. वाढ इतकी विरळ की पाणी गढूळसुद्धा होत नाही, त्यामुळे वाढलंय का हे बघायलाही रंगाचीच मदत लागली. 2005 मध्ये जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला, फक्त 13 लाख अक्षरं, आणि नंतर लक्षात आलं की समुद्रात भरपूर असलेलं सल्फेट याला वापरताच येत नाही, लागणारं सल्फर तो दुसऱ्या जीवांनी बनवलेल्या संयुगांतून घेतो.